बट्टा

'नावाला बट्टा लागला' असं म्हणताना आपण सराफाच्या पेढीवरचा शब्द उचललेला असतो. बट्टा म्हणजे वटणावळ, जुन्या किंवा परमुलखातल्या नाण्याच्या किमतीतून सराफ कापून घ्यायचा ती रक्कम. मोगली अमलात त्या सालचा कोरा रुपया पूर्ण दराने चाले. साल उलटलं की तोच रुपया, वजनात गुंजभरही न घटता, बट्ट्याने जायचा. नीतीची भाषा मराठीने अशी बरीचशी सराफकट्ट्यावरून आणली आहे. माणसाची पारख करायची असते. तो कसाला उतरावा लागतो. नाही उतरला तर हिणकस, म्हणजे ज्याच्या कसात हीण निघालं तो. शब्दाला जागणारा माणूस म्हणजे खणखणीत नाणं. भाषांतर करताना हे शब्द मला नेहमी अडवतात. 'हिणकस'मधला धातू दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, नुसता तिरस्कार तेवढा पोचतो.

पण या शब्दांमध्ये मुळातच एक उणीव आहे. सराफाची परीक्षा दगडावरची असो की मुशीतली, ती एवढंच सांगते की धातू किती शुद्ध आहे. तो कुणी खणला, कशाच्या बदल्यात आला, वाटेत कोण मेलं, हे त्या परीक्षेत विचारलंच जात नाही. उलट ते विसरता यावं म्हणूनच ती परीक्षा असते. वजन आणि कस ठरला की आधीचं सगळं संपलं. आणि आपण मात्र चांगल्या-वाईटाचे शब्द नेमके तिथूनच घेतले.

हे मला सुचलं ते आमच्या समता कॉलोनीतल्या एका घरी चाललेल्या वादामुळे. दोन गल्ल्या सोडून बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. चाळीस वर्षं नाणी जमवताहेत. बदल्यांच्या नोकरीत कोची, नागपट्टणम, मुंबई असं फिरताना त्यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली चांदीची चार नाणी घेतली. ते 'डच' म्हणत नाहीत, 'वलंदेज' म्हणतात. मराठी कागदपत्रांत त्या लोकांचं नाव तेच आहे, आणि आज्ञापत्रातल्या टोपीकरांच्या यादीत फिरंगी-इंग्रजांच्या जोडीला तेही बसलेले आहेत. ही मंडळी नुसती सावकारी करणारी नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, हा तिथला इशारा काका भेटेल त्याला ऐकवतात.

चारातली दोन नाणी म्हणजे डुकाटोन. प्रत्येकी साडेबत्तीस ग्रॅमच्या आसपास, आपल्या जुन्या रुपयाच्या जवळजवळ तिप्पट. एका बाजूला तलवार घेतलेला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ढाल आणि तिला धरून उभे दोन सिंह. "तू भाषांतरं करतेस ना, मग हे वाचून दे," म्हणून काकांनी मला बोलावलं होतं. कडेने लॅटिनमध्ये डच प्रजासत्ताकाचं ब्रीद आहे: एकोप्याने लहान गोष्टी वाढत जातात, अशा अर्थाचं. मी ते घोळवून घोळवून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे एकी हेच बळ." एवढं आटोपशीर मला सुचलं नव्हतं.

काकांची नात बाहेरगावी इतिहास शिकते, सुट्टीला आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आजोबांनी आपला संग्रह तिला द्यायचं ठरवलंय, त्यातलं बाकी सगळं तिला हवंय, ही चार मात्र नकोत. तिने बांदा बेटांबद्दल वाचलं होतं. जायफळ आणि जायपत्री जगात तेव्हा जवळपास तेवढ्याच बेटांवर पिकायची. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने ती बेटं जिंकली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली बहुतेक माणसं मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला नेली गेली. ओस पडलेल्या बागा कंपनीने आपल्या माणसांना लावून दिल्या आणि तिथे राबायला दुसरीकडून गुलाम आणले. काकांची नाणी त्यानंतर शंभर वर्षांनी पाडलेली, पण ज्या व्यापारासाठी ती पूर्वेकडे यायची तो याच पायावर उभा होता.

"चांदीचा काय दोष गं?" काका म्हणाले.

"चांदीचा नाही, म्हणूनच सांगते. वितळवून पैंजण करा, मग घेते."

मला हे उत्तर विलक्षण वाटलं. पोरगी चुकली असं मला म्हणायचं नाही. सोनाराकडे आपण सगळे हेच करत आलो आहोत. पण वितळवल्यावर नेमकं काय बदलतं? चांदीचा कण न् कण तोच राहतो. जातो तो फक्त मजकूर. म्हणजे तिची हरकत त्या नाण्यामागच्या माणसांबद्दल असेल, तर पैंजणांतही ती माणसं तितकीच आहेत. फरक इतकाच, की पैंजण त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही.

आणि बोलू न देण्याची ही व्यवस्था जुनीच आहे. वलंदेजांनी १६१६ मध्ये सुरतेला पाय रोवला, १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. युरोपातला माल हिंदुस्थानात फारसा कुणाला नको होता, त्यामुळे कापड, नीळ, मिरी घ्यायला त्यांना चांदी आणावी लागे. काही जपानहून येई, १६६८ मध्ये जपानने चांदी बाहेर न्यायला बंदी घालेपर्यंत. बरीचशी स्पॅनिश अमेरिकेतली. त्यात आजच्या बोलिव्हियातला पोतोसीचा डोंगर मोठा. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली, आणि १५७० च्या दशकापासून शेकडो मैलांवरच्या गावांना आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी पाळीपाळीने तिथे वेठीला पाठवावा लागे. ती चांदी सेव्हिल, अ‍ॅमस्टरडॅम करत सुरतेला उतरायची. परकी नाणी बाजारात थेट चालत नसत. ती सराफाला विकायची किंवा टांकसाळीत द्यायची, घडणावळ भरायची, आणि बदल्यात बादशहाच्या नावाचे रुपये घ्यायचे. मुशीत गेला की स्पेनचा राजा, हॉलंडचा घोडेस्वार, सगळे एक. बाहेर यायचा तो शाहजहानचा किंवा औरंगजेबाचा रुपया.

काकांच्या कपाटात सुरतेच्या टांकसाळीतला औरंगजेबाचा एक रुपया आहे. तो 'मोगल' लिहिलेल्या वेगळ्या अल्बममध्ये असतो, आणि नातीला तो हवाय. त्याच्याविरुद्ध तिची काही तक्रार नाही. पण वलंदेजांची चांदी शोधायची तर ती या चार नाण्यांपेक्षा त्या रुपयात असण्याचा संभव अधिक. कंपनीचा मुख्य माल असाच, नाव टाकून, देशात शिरला. संग्राहकांच्या हाती लागतात ती वितळायची राहून गेलेली उरलीसुरली.

जाता जाता औरंगजेबाबद्दल. त्याने गादीवर आल्यावर नाण्यांवरचा कलमा काढून टाकला, कारण नाणं कुणाच्याही, काफिरांच्याही, हातात जातं आणि पवित्र शब्दांची विटंबना होते. नाण्याला विटाळ होतो असं मानणारा राज्यकर्ता विरळाच. पण त्यालाही चिंता होती ती नाणं कुणाच्या हाती जाईल याची. कुणाच्या हातून आलं, ही नव्हे.

टांकसाळीचं हे काम मला ओळखीचं वाटतं, कारण माझा धंदा साधारण तोच. परकं नाणं घ्यायचं, वितळवायचं, आपल्या छापाचं करून बाजारात सोडायचं. 'भाषांतर वाटतच नाही' ही आमच्याकडची सगळ्यांत मोठी शाबासकी. मराठी तर यात फार तरबेज. पुतळ्यांची माळ आपण किती घरगुती म्हणून मिरवतो. पुतळी हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं आपल्याकडे पडलेलं नाव. ड्यूक आणि संत गेले, त्यांच्या जागी लक्ष्मी आली, आणि आता लग्नात माळ घालणाऱ्या मुलीला व्हेनिसचं नावही सांगायची गरज नाही. यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. भाषा अशाच श्रीमंत होतात. पण कुठलीही गोष्ट पूर्ण आपली झाली की तिचा हिशेब विचारणारं कुणी उरत नाही, एवढं मात्र खरं. काही पुस्तकं अशी असतात की ती मराठीत आल्यावरही थोडी परकी राहिली पाहिजेत. वाचकाने मध्येच थांबून 'हे कुठलं?' असं विचारलं पाहिजे.

आपल्या आवडत्या इतिहासाकडेही याच नजरेने बघून पाहावं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. वलंदेज आणि इंग्रज आपापल्या वखारी राखून बसले, त्यांना धक्का लागला नाही. लुटली गेली ती शहरातल्या सावकारांची घरं, त्यांत वीरजी व्होराचं घर. त्या सावकारांचा पैसा याच समुद्री व्यापारातला होता, कंपन्यांना कर्ज देऊन, त्यांचा माल आणि त्यांची चांदी घेऊन जमलेला. तेव्हा पोतोसीची काही चांदी त्या वर्षी सह्याद्री चढली असणार. हे स्वराज्याला कमीपणा आणायला लिहीत नाही. त्या शतकात चांदी जिथे जिथे होती तिथे तिथे ती अशीच होती, एवढंच म्हणायचंय.

मग सराफाची नसलेली, कुठून आलं ते विचारणारी नीती आपल्याकडे नव्हतीच का? होती. आणि तिचा मला माहीत असलेला सगळ्यांत ठसठशीत दाखला नेमका वलंदेजांशीच संबंधित आहे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराजांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या डचांना कौल दिला. त्यात व्यापाराच्या सवलती आहेत, जकातीची कलमं आहेत, आणि एक कलम गुलामांचं आहे. आधीच्या मुसलमानी अमलात तुम्हाला इथे बायका-पुरुष विकत घेऊन नेता येत होतं, मी या मुलखाचा धनी असेतो ते चालणार नाही, असा त्याचा आशय. हा किनारा म्हणजे डचांचा गुलाम भरण्याचा नेहमीचा घाट. दुष्काळ पडला की माणूस स्वस्त होई, आणि जहाजं बटाव्हियाकडे निघत. त्या किनाऱ्यावर उभं राहून एका राजाने सांगितलं, की तुमची चांदी चालेल, पण या मालाला नाही.

त्या कलमाचा मजकूर आज आपण वाचतो तो डचांनी करून ठेवलेल्या भाषांतरातून. ज्यांना मनाई केली त्यांनीच ती आपल्या दप्तरात उतरवून जपली. भाषांतरकार म्हणून मला याचं राहून राहून आश्चर्य वाटतं. त्या कारकुनाने मनाई सौम्य केली नाही, 'आपलं' काही केलं नाही. परक्या राजाचा परका हुकूम परकाच ठेवला, म्हणून तो तीनशेहून अधिक वर्षं टिकला.

या कलमावरून छाती फुगवण्याआधी पुढची पानंही उलटावीत. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटकी विकल्या-घेतल्याच्या नोंदी किती आहेत ते ज्यांनी चाळलंय त्यांना ठाऊक आहे. परक्याला घातलेली मनाई घरात आणणं अवघड गेलं. सराफाची नीती सोपी असते, म्हणून ती जिंकते.

काकांच्या दोन डुकाटोनपैकी एकाला भोक आहे. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतात. काकांनाही ते म्हणून स्वस्तात मिळालं. १७४० मध्ये रोस्वेक हे कंपनीचं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन वाळूच्या पट्ट्यात बुडालं. अलीकडच्या उत्खननात त्यात अशी भोकं पाडलेली नाणी सापडली. पूर्वेकडे चांदीला मायदेशापेक्षा जास्त भाव मिळे, म्हणून खलाशी आणि अधिकारी कंपनीच्या नकळत आपली नाणी नेत, कपड्यांना आतून शिवून. साध्या खलाशाचा पगार महिना दहा गिल्डरच्या आसपास. एक डुकाटोन तीन गिल्डरहून थोडं अधिक. म्हणजे दहा दिवसांची मजुरी अंगरख्याच्या अस्तरात.

पण काकांच्या नाण्याचं भोक खलाशाचंच, असं कोण सांगणार? आमच्या छत्तीसगडात रुपया माळ असते, चांदीच्या नाण्यांना कडी लावून किंवा भोक पाडून ओवलेली. बायका ती गळ्यात घालत, अजून काही घालतात. इथल्या सदर बाजारात एखाद्या वाईट वर्षी अशी माळ वजनावर विकायला आली नाही असं दशक गेलं नसेल. कोचीलाही कुणा बाईच्या गळ्यात हे नाणं असू शकेल. भोक एकच, पण एका बाजूला चोरटा खलाशी आणि दुसऱ्या बाजूला पोटाला चिमटा बसल्यावर गळ्यातलं काढणारी बाई. ते वितळवलं तर दोघंही जातात. बाजारात बट्टा लागतो तो नेमका याच भोकासाठी, आणि माझ्या लेखी त्या चारांतलं सगळ्यांत मोलाचं नाणं हेच.

ज्याचं त्याला परत करावं, हा मार्ग नातीने अर्थातच सुचवला. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. २०२३ मध्ये नेदरलंड्सने इंडोनेशिया आणि श्रीलंकेला ४७८ वस्तू परत करायचं ठरवलं. त्यात लोम्बोकच्या राजवाड्यातला खजिना होता, कँडीची तोफ होती. तोफेला धनी असतो. ती अमुक राजाची, अमुक दिवशी नेलेली. नाण्याचं तसं नाही. एका रुपयाची जागा दुसरा रुपया घेऊ शकतो, यातच त्याचं नाणेपण. एवढी समता आमच्या कॉलोनीच्या नावातही नाही. काकांनी हे डुकाटोन द्यावं कुणाला? पोतोसीला, बांदाला, तमिळ किनाऱ्यावरच्या एखाद्या गावाला की हॉलंडला? शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही, ते वेगळंच.

तिचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणता नाव राहू द्या. पण मखमलीच्या डबीत ठेवलेलं नाव म्हणजे मानच की." तिने होर्नचं उदाहरण दिलं. त्या डच गावात चौकात कूनचा पुतळा आहे, १८९३ चा. २०११ मध्ये क्रेनचा धक्का लागून तो पडला. मग तो पुन्हा उभा करायचा का यावर बराच वाद झाला, शेवटी उभा केला, आणि त्याच्याखाली बांदाच्या कत्तलीचा उल्लेख करणारी नवी पाटी लावली. ती पाटी पुरेशी आहे का यावर तिथे अजून भांडणं होतात. तिचं बरोबर आहे. चाळीस वर्षं काकांच्या डबीत नाण्याबरोबर होतं काय? किंमत, घेतल्याची तारीख, आणि 'उत्तम स्थिती' असा शेरा. हा शेरा पुन्हा सराफाचाच. नाणं बोलतं, हे मी मघाशी जरा घाईने लिहिलं. ते आपणहून काही बोलत नाही. कुणीतरी त्याचं भाषांतर करावं लागतं, तेही टांकसाळीसारखं नव्हे, त्या कारकुनासारखं.

तेव्हा आता काकांच्या नाण्यांना एकेक पाकीट आहे. मजकूर मी सांगितला, अक्षर काकांचं, आणि दुरुस्त्या नातीच्या. पहिल्या पाकिटावर डुकाटोनचं वजन आणि ब्रीदाचा अर्थ, खाली बांदा, १६२१, पोतोसी, आणि १६७७ चं कलम एका ओळीत. ब्रीदाचं भाषांतर काकांचंच ठेवलंय, त्यापुढे नातीने कंसात 'कुणाची?' असं लिहिलं. भोकाच्या नाण्यावर 'खलाशी किंवा बाई, ठरवता येत नाही' असं आहे. सुरतेच्या रुपयालाही तिने पाकीट मागितलं, आणि त्यावर 'मोगल'च्या खाली 'बहुधा वलंदेज चांदी' लिहिलं. माझा आग्रह 'बहुधा'चा होता. चारही नाणी ती घेणार का, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

मधल्या काळात तिला दुसराच प्रश्न पडलाय. काकांच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदीचे अकरा रुपये पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, पुसून पुन्हा डब्यात ठेवतात. पणजीपासूनची रीत. नातीनेही लहानपणापासून ते मांडलेत. सगळे व्हिक्टोरियाचे, ११.६६ ग्रॅमचे, १८७७ नंतरचे, म्हणजे राणीला सम्राज्ञी म्हणणारे. काही १८९७ चे आणि १९०० चे आहेत, मध्यप्रांतात पाठोपाठ दोन दुष्काळ पडले त्या वर्षांचे, जेव्हा रायपूर-बिलासपूरकडची माणसं अंगावरची चांदी सराफाकडे टाकून धान्य घेत होती. ते अकरा रुपये पणजीच्या घरात कुठल्या बाजूने आले, विकणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या, हे तिला हवंय. काकांनी पाकिटं आणखी अकरा आणून ठेवली आहेत. पण त्यांवर काय लिहायचं, हे यंदाच्या दिवाळीच्या आधी ठरेल असं दिसत नाही.